चांदीच्या नाण्यावरील रंग : १९१८ सालच्या चांदीची कहाणी आणि आपली जबाबदारी

जुन्या घराची वाटणी होते किंवा डागडुजी निघते, तेव्हा एखादी लाकडी पेटी उघडली जाते. पेटीच्या तळाशी कापडाची पुरचुंडी सापडते आणि पुरचुंडीत दहा-वीस राजाछाप रुपये निघतात. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोदे अशा जुन्या वस्तीच्या गावांतून हा प्रसंग अनेक कुटुंबांच्या वाट्याला आलेला आहे. अशा वेळी पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते: "काळे पडलेत, उजळून घ्या." मग कोणी चिंच आणते, कोणी राख, कोणी दंतमंजन. अर्ध्या तासात रुपये लखलखीत होतात आणि सर्वांना समाधान वाटते.

या अर्ध्या तासात काय नाहीसे झाले, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. जुन्या चांदीच्या नाण्यावर कालांतराने चढणाऱ्या सोनेरी, जांभळ्या, निळसर छटांना संग्राहकांच्या भाषेत 'टोनिंग' म्हणतात. अशा नाण्यांना आज जगभर मोठी मागणी आहे आणि सुंदर रंगाच्या नाण्यासाठी हौशी लोक साध्या नाण्याच्या कित्येक पट किंमत मोजतात. पण हा केवळ हौसेचा विषय नाही. नाण्यावरील रंग हा त्या नाण्याच्या मुक्कामाचा दाखला असतो. ज्या समाजाची जुनी कागदपत्रे वाळवी, स्थलांतर आणि दुर्लक्ष यांमुळे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली, त्या समाजाने तरी असा दाखला स्वतःच्या हाताने पुसू नये.

रंग कसा येतो?

सोन्याला हवा लागत नाही, चांदीला लागते. मात्र हवेतील प्राणवायू हा चांदीचा मुख्य शत्रू नाही. काम करतो तो गंधक. कोळशाचा धूर, उकडलेली अंडी, लोकर, रबर, काही प्रकारचे कागद व पुठ्ठे यांतून गंधकयुक्त वायू अगदी अल्प प्रमाणात बाहेर पडत असतो. त्याचा चांदीशी संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. कोकण-गोव्यातील चांदी कोरड्या माळव्यातील चांदीपेक्षा लवकर काळवंडते, यामागे दमट हवेचा वाटा आहे.

हा थर सुरुवातीला इतका पातळ असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास भरते. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर तेलाचा थेंब पडला की इंद्रधनुष्य दिसते. तेथे तेलात रंग नसतो. पातळ थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यांत काही रंग उठून दिसतात आणि काही मावळतात. नाण्यावरही हेच घडते. थर जसा वाढत जातो तसा रंग ठरावीक क्रमाने बदलतो. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस-पिंगट, मग जांभळा, मग निळा, त्यानंतर पुन्हा पिवळसर, गुलाबी व हिरवट छटांची दुसरी फेरी आणि शेवटी राखाडी-काळा. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे खरा आणि खोटा रंग ओळखताना त्याचा उपयोग होतो.

म्हणजे ज्याला आपण 'मळ' म्हणतो तो बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. तो नाण्याच्याच चांदीतून तयार झालेला थर आहे. तो काढायचा म्हणजे नाण्याची वरची कातडी काढायची.

सव्वादोन रुपयांचा डॉलर

रंगीत नाण्यांचा छंद आज सर्वांत जोरात आहे तो अमेरिकेत आणि तोही विशेषतः 'मॉर्गन डॉलर' या नाण्याच्या बाबतीत. या छंदाची मुळे शोधू गेले असता वाट थेट मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींकडे वळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मॉर्गन डॉलर १८७८ मध्ये सुरू झाला. जॉर्ज टी. मॉर्गन या कोरक्याने त्याचा ठसा कोरला, म्हणून हे नाव. नाण्याचे वजन २६.७३ ग्रॅम आणि त्यात ९० टक्के चांदी. नेव्हाडा प्रांतातील खाणींतून त्या काळी चांदीचा पूर लोटला होता. त्या चांदीला गिऱ्हाईक मिळावे म्हणून अमेरिकी सरकारने दरमहा २० ते ४० लाख डॉलर किमतीची चांदी विकत घेऊन नाणी पाडावीत, असा कायदा १८७८ मध्येच झाला. पण इतके जड नाणे खिशात घेऊन फिरण्याची लोकांना हौस नव्हती. डॉलर टांकसाळीतून निघत, कापडी पिशव्यांत एकेक हजार भरले जात आणि सरकारी तिजोरीत जाऊन पडत. बाजारात फिरत त्यांच्या बदल्यात काढलेल्या कागदी पावत्या. अशा रीतीने कोट्यवधी डॉलर वर्षानुवर्षे अंधारात पडून राहिले.

इकडे हिंदुस्थानात परिस्थिती नेमकी उलट होती. येथील शेतकऱ्याला, सैनिकाला, अडत्याला कागद नको होता, त्याला खणखणीत बंदा रुपया हवा होता. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून ताग, धान्य, कातडी यांची प्रचंड निर्यात झाली. मेसोपोटेमियासारख्या आघाड्यांवरील फौजेचा खर्चही येथूनच भागवला जाऊ लागला. या सगळ्याचे पैसे रुपयांत चुकते करावे लागत. चांदीचा जागतिक भाव चढत गेला आणि १९१७ मध्ये असा टप्पा आला की रुपयातील चांदीचीच किंमत रुपयाइतकी होऊ लागली. रुपये वितळवण्यात फायदा दिसू लागताच सरकारने त्याच वर्षी नाणी वितळवण्यास बंदी घातली आणि चांदीची खासगी आयातही बंद केली. नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची आणि १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची नोट निघाली, ती याच टंचाईपोटी. हैदराबाद संस्थानानेही १९१८ मध्ये कागदी चलनाचा कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. तेथेही कारण चांदीची टंचाई हेच होते.

नोट म्हणजे सरकारचे वचन. नोट पुढे केली की रुपया मिळेल, हा विश्वास ढळू लागला तर काय होते, हे १९१८ च्या वसंतात दिसले. युरोपातील युद्धाच्या बातम्या दोस्तांना प्रतिकूल येताच नोटा मोडून रुपये घेणाऱ्यांच्या रांगा लागल्या आणि सरकारकडील रुपयांचा साठा धोक्याच्या पातळीवर आला. या वेळी ब्रिटनने अमेरिकेकडे धाव घेतली. नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी संमत झाला आणि तिजोरीतील ३५ कोटींपर्यंत डॉलर वितळवण्याची मुभा मिळाली.

प्रत्यक्षात २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकण्यात आली. ती भरली सुमारे २० कोटी औंस, म्हणजे आजच्या मापाने ६,२०० टनांच्या आसपास. या चांदीचे मुंबई व कलकत्ता येथे रुपये पाडले गेले. १९१८ आणि १९१९ या दोनच वर्षांत या दोन टांकसाळींतून ऐंशी कोटींहून अधिक रुपये बाहेर पडले. एका प्रचंड अर्थव्यवस्थेची पत त्या वर्षी अशी सावरली गेली.

येथे एक हिशेब पाहण्यासारखा आहे. मॉर्गन डॉलरात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. पंचम जॉर्जच्या रुपयाचे वजन १८० ग्रेन आणि त्याचा बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. भागाकार केला तर बरोबर सव्वादोन येतात, कमी नाही की जास्त नाही. एक डॉलर वितळला की सव्वादोन रुपये. २० कोटी औंसांतून याच हिशेबाने सुमारे ५८ कोटी रुपये होऊ शकत होते. हातातल्या एखाद्या विशिष्ट रुपयात डॉलरची चांदी आहे, असे अर्थातच ठामपणे सांगता येणार नाही, कारण टांकसाळीच्या मुशीत सगळी चांदी एक होते. पण पेटीतून निघालेल्या १९१८ किंवा १९१९ च्या रुपयात नेव्हाडाच्या खाणीचा अंश असण्याचा संभव मोठा आहे.

पिशवीत राहून गेलेले डॉलर

वितळलेल्या डॉलरांची ही कहाणी झाली. उरलेल्यांचे काय? कोणत्या सालाचे आणि कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर मुशीत गेले, याची नोंदच अमेरिकी टांकसाळीने ठेवली नाही. त्यामुळे एखाद्या सालचे डॉलर किती शिल्लक आहेत, हे केवळ टांकसाळीच्या जुन्या आकड्यांवरून कळत नाही. ते प्रत्यक्ष नाणी पाहूनच ठरवावे लागते.

उरलेल्या पिशव्या तिजोऱ्यांत आणखी ४४ वर्षे पडून राहिल्या. १९६२ च्या अखेरीस काही दुर्मिळ समजले जाणारे डॉलर अचानक बाहेर आले आणि लोकांची झुंबड उडाली. कागदी पावत्या घेऊन लोक ट्रेझरीच्या दारात उभे राहिले आणि हातगाड्यांवर पिशव्या घालून नेऊ लागले. मार्च १९६४ मध्ये सरकारने हे थांबवले, तेव्हा सुमारे तीस लाख डॉलर उरले होते. तेही पुढे १९७२ ते १९८० या काळात टपालाने विकले गेले.

या पिशव्या उघडल्यावर संग्राहकांना एक गोष्ट दिसली. पिशवीच्या मधल्या भागातील डॉलर पांढरेशुभ्र होते. जे डॉलर कापडाला टेकून होते, त्यांवर मात्र रंग चढला होता, कारण कापडातील गंधकाचा अंश ऐंशी वर्षे त्यांना लागत होता. काही नाण्यांवर कापडाच्या विणीची जाळी उमटली होती. एका नाण्यावर दुसरे नाणे अर्धवट टेकलेले असेल तर झाकलेला भाग पांढरा आणि उघडा भाग रंगीत होऊन चंद्रकोरीचा आकार तयार झाला होता. कोणते नाणे कसे पडले होते, त्याच्या शेजारी काय होते, हे सगळे त्याच्या चेहऱ्यावर लिहिले गेले होते.

तरीही अशा नाण्यांची कदर लगेच झाली नाही. अमेरिकेतही दीर्घकाळ पांढरे नाणे म्हणजेच चांगले नाणे असे समीकरण होते. आम्लयुक्त द्रावणात नाणे बुडवून ते क्षणात चकचकीत करण्याची पद्धत सर्रास होती. युरोपातील जुन्या संग्राहकांची दृष्टी वेगळी होती. लाकडी कपाटाच्या मखमली खणांत पिढ्यान्‌पिढ्या राहून आलेली मंद छटा ते नाण्याच्या कुलीनतेची खूण मानत. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेत नाणी तपासून, दर्जा ठरवून, पारदर्शक डबीत बंद करणाऱ्या संस्था निघाल्या. नाणे मूळचे आहे की घासलेले, हा प्रश्न तेव्हापासून किमतीशी कायमचा जोडला गेला आणि नैसर्गिक रंग हा 'या नाण्याला कोणी हात लावलेला नाही' याचा पुरावा ठरला.

आपल्याकडील रुपया

आपल्याकडे हा विचार का रुजला नाही? याची कारणे आपल्या चलनाच्या इतिहासातच आहेत. मोगल व मराठा अमदानीत आणि नंतर कंपनीच्या काळातही रुपया हा मोजून घ्यायचा तसा तोलून, वाजवून, पारखून घ्यायचा. जुन्या सालचा किंवा परक्या टांकसाळीचा रुपया सराफ पूर्ण किमतीला घेत नसे, त्यावर बट्टा कापला जाई. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार तेथूनच आपल्या भाषेत आला. नाण्यात चांदी खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी सराफ कडेला बारीक छिन्नी मारीत आणि त्या खुणा आज शेकडो रुपयांवर दिसतात. हा बट्टा झिजेचा व सालाचा होता, रंगाचा नव्हता. पण ताजे, उजळ नाणे म्हणजे खरे नाणे, ही समजूत पक्की झाली ती या व्यवहारातून. सणासुदीला चांदी घासून लख्ख करण्याची घरगुती रीत तिच्या जोडीला होतीच.

दुसरे कारण असे की आपल्याकडे रुपया हेच वजन होते. १८३३ नंतर ब्रिटिश हद्दीत तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे एका रुपयाच्या वजनाचा ठरला. रुपया तराजूच्या पारड्यात वजन म्हणून बसला. ज्याला आपण वजन म्हणून किंवा मोडीची चांदी म्हणून पाहतो, त्याच्या अंगकांतीकडे लक्ष जात नाही.

आपल्या गावांतून सापडणारी नाणी एकाच प्रकारची नसतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. हैदराबादच्या पेटीत 'कलदार' ब्रिटिश रुपयांबरोबर 'हाली सिक्का' असतो. गोव्याच्या पेटीत पोर्तुगीज रुपिया असते, बडोदे-इंदूरकडे संस्थानी नाणी असतात. हाली रुपयाचे उदाहरण पाहू. सैफाबाद येथील टांकसाळ १९०३ मध्ये सुरू झाली आणि चारमिनारची प्रतिमा असलेले यंत्राचे रुपये निघू लागले. चारमिनारच्या कमानीत मीर महबूब अली खान यांच्या काळात 'मीम' आणि १९११ नंतर मीर उस्मान अली खान यांच्या काळात 'ऐन' हे अक्षर आहे. या रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के. कलदार रुपयात चांदी सुमारे ९१.७ टक्के. म्हणूनच सहा कलदार म्हणजे सात हाली असा भाव पडे. हाली रुपयात तांब्याचा अंश जास्त आहे. तांब्यावरही हवेचा परिणाम होतो, त्यामुळे त्याची छटा अनेकदा अधिक तपकिरी असते. ही छटा पाहून 'खोटे नाणे' म्हणून त्याला मोडीत काढणे हे अज्ञान होय. हाली चलन १९५९ पर्यंत कायदेशीर राहिले आणि नंतर ते पेट्यांत, गाठोड्यांत आणि मुशीत गेले.

मुशीत जाणे हेच चांदीच्या नाण्याचे मोठे भय आहे. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा चांदीची चणचण आली तेव्हा १९४० पासून रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली गेली. जुने उत्तम चांदीचे रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून काढले: व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये, सातव्या एडवर्डचे १९४२ मध्ये आणि पंचम जॉर्जचे १९४३ मध्ये. त्याच युद्धात अमेरिकेने अविभाजित हिंदुस्थानाला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. ती परत करण्यासाठी १९५० च्या दशकात निम्म्या चांदीचे रुपये वितळवून चांदी वेगळी करण्यात आली. १९१८ मध्ये डॉलर वितळून रुपये झाले आणि चाळीस वर्षांच्या आत रुपये वितळून चांदी पुन्हा अमेरिकेला गेली. या दोन भट्ट्यांतून जे सुटले ते आपल्या पेटीत आहे.

घासल्याने काय जाते?

नवे नाणे ठशाखाली दाबले जाते तेव्हा धातू कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रेषा उमटतात. नाणे प्रकाशात फिरवले असता चाकाच्या आऱ्यांसारखी जी झळाळी फिरते, ती या रेषांमुळे. राखेने किंवा रांगोळीने घासले की या रेषा सपाट होतात आणि त्या जागी ओरखडे येतात. नाणे पांढरे दिसते पण निर्जीव दिसते. ती मूळ झळाळी कोणत्याही उपायाने परत येत नाही. तो पांढरेपणाही टिकत नाही. घासलेली चांदी काही महिन्यांत पुन्हा काळवंडते, मात्र आता डागाडागांनी.

बारीक तपशील जातो तो वेगळाच. १९११ च्या रुपयाचे उदाहरण वाचकांना ठाऊक असेल. पंचम जॉर्जच्या अंगावरील मानचिन्हांत एक छोटा हत्ती आहे. त्या सालच्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुकरासारखा वाटला. मुसलमान समाजात या नाण्याविषयी नाराजी पसरली. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपास बाहेर गेले होते, उरलेले वितळवण्यात आले आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. लोकमताने सरकारला नाण्याचा ठसा बदलायला लावला, त्या घटनेचा हा धातूचा पुरावा आहे आणि तो आहे केवळ काही मिलिमीटरांचा. दोन वेळा दंतमंजनाने घासले की दोन्ही हत्ती सारखेच दिसू लागतात. मुंबईच्या टांकसाळीची खूण म्हणून मागील बाजूस असलेला बारीक ठिपकाही असाच झिजतो. मग नाणे मुंबईचे की कलकत्त्याचे, हे सांगणे कठीण होते.

आणि सर्वांत शेवटी जातो तो रंग, म्हणजे मुक्कामाची नोंद. रुपये चळत करून ठेवले असतील तर कडेला रंगाचे कडे येते आणि मधला भाग उजळ राहतो. पुरचुंडीत बांधलेल्या रुपयावर कापडाची वीण उमटते. जमिनीत पुरलेल्या नाण्यावर मातीतील क्षारांमुळे राखाडी, खडबडीत कवच चढते. माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेल्या रुपयावर टाक्याभोवती उष्णतेचे वर्तुळ राहते. या खुणा नाण्याचे साल सांगत नाहीत, ते नाण्यावर छापलेलेच असते. पण हे धन चळत करून तिजोरीत होते, की घाईने जमिनीत पुरलेले होते, की एखाद्या बाईच्या गळ्यात होते, याचा अंदाज त्यांवरून बांधता येतो. कुटुंबाच्या इतिहासात याचे मोल चांदीच्या भावापेक्षा अधिक आहे.

खरा रंग, खोटा रंग

जेथे पैसा आला तेथे फसवणूक आली. रंगीत नाण्यांचे भाव चढताच गंधकाची संयुगे आणि उष्णता यांच्या साह्याने काही तासांत रंग आणण्याचे प्रकार सुरू झाले. उकडलेल्या अंड्याबरोबर नाणे बंद डब्यात ठेवण्याची युक्ती तर घरगुतीच आहे. नवशिक्या संग्राहकाने पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे क्रम. खऱ्या टोनिंगमध्ये सोनेरीतून तांबूस, तांबूसातून जांभळा, जांभळ्यातून निळा असा प्रवास दिसतो आणि एक रंग दुसऱ्यात हळूच मिसळतो. सोनेरी संपतो न संपतो तोच गडद निळा सुरू होत असेल तर शंका घ्यावी. दुसरी गोष्ट म्हणजे झळाळी. खरा रंग झळाळीला झाकत नाही. नाणे फिरवले की रंगाखालून प्रकाश फिरतो. रंग वरून लिंपल्यासारखा वाटत असेल तर तो बहुधा अलीकडचा असतो. तिसरी गोष्ट म्हणजे ओरखडे. ओरखड्यांच्या आतही तोच गडद रंग भरलेला असेल तर नाणे आधी घासले गेले आणि नंतर रंगवले गेले, असा तर्क करता येतो. चौथी गोष्ट म्हणजे कारण. हा रंग कशाने आला असेल, असा प्रश्न स्वतःला विचारावा. विक्रेत्याला त्याचे साधे उत्तर देता येत नसेल तर खिशात हात घालू नये.

सगळाच नैसर्गिक रंग चांगला असतो असेही नाही. थर फार वाढून नाणे कोळशासारखे काळे झाले असेल तर त्याखालचा पृष्ठभाग खाल्लेला असतो. हिरवट चिकट थर हा टोनिंग नव्हेच. तो बहुधा मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे येतो आणि नाण्याला खात राहतो. अशा नाण्याला जाणकारालाच हात लावू द्यावा.

जतन आणि कायदा

जतनाचे नियम सोपे आहेत. नाणे कडेने धरावे, चेहऱ्यावर बोट लावू नये, कारण बोटाचा घाम कायमचा ठसा सोडतो. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचे कापड आणि मऊ प्लास्टिकची पाकिटे वापरू नयेत. कडक, निर्धोक प्लास्टिकच्या डब्या किंवा आम्लविरहित कागदाची पाकिटे वापरावीत आणि दमट भागात सोबत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवावी. घासणे, बुडवणे, पुसणे यांपैकी काहीही करू नये.

मात्र सर्वांत महत्त्वाचे काम नोंदीचे आहे. पेटी उघडल्यावर नाणी हलवण्याआधी छायाचित्र घ्यावे. किती नाणी, कोणत्या सालांची, कशात बांधलेली, पेटी कोणाची, घरातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी काय आठवते, हे एका कागदावर लिहून नाण्यांसोबत ठेवावे. ते बांधलेले फडकेही फेकू नये. नोंदीशिवाय नाणे म्हणजे दहा-साडेदहा ग्रॅम चांदी. नोंद जोडली की ते इतिहासाचे साधन होते. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अशा साधनांचा अभ्यास होतो. हैदराबादची सैफाबाद टांकसाळही २०२२ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली.

कायद्याची दोन कलमेही ठाऊक असावीत. जमिनीत दडवलेले धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९१८ चा रुपया २०१८ मध्ये शंभर वर्षांचा झाला. परदेशातील नातेवाइकांना असे रुपये भेट म्हणून पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

समारोप

२०२५ मध्ये भारतात चांदीचा भाव किलोमागे एक लाख रुपयांच्या वर गेला. भाव चढला की जुने रुपये सराफाच्या भट्टीकडे निघतात, हे १९१७ मध्ये घडत होते आणि आजही घडते. त्या वेळी सरकारने बंदी घालून ते थांबवले. आज हे थांबवणे ज्याच्या त्याच्या समजुतीवर अवलंबून आहे. एखाद्या कुटुंबाला गरजेपोटी चांदी विकावी लागली तर त्यास दोष देता येणार नाही. पण विकण्यापूर्वी नाणी एखाद्या जाणकाराला दाखवावीत आणि त्यांची नोंद करून ठेवावी, एवढे तर प्रत्येकाला करता येईल. घरात पडलेल्या रुपयाची किंमत त्याच्या वजनाहून अधिक असू शकते, हे त्यातून अनेकांना प्रथमच कळेल.

अमेरिकेच्या तिजोरीतील डॉलर ऐंशी वर्षे कोणी हात न लावल्यामुळे बोलके झाले. त्यांचीच भावंडे असलेले रुपये आपल्या पेट्यांत पडून आहेत. त्यांच्यावर चढलेला सोनेरी-जांभळा रंग म्हणजे आपल्या आजे-पणज्यांच्या घरातील हवा, चुलीचा धूर आणि कापडाची वीण यांची छाप आहे. ती वाचता आली नाही तरी चालेल, पुढची पिढी वाचेल. आपण ती पुसून टाकली नाही, एवढे पुरे.